माझ्या पात्यावरचे तीन शब्द

मित्रांनो, वीतभर वाकडे पाते आणि हाडाची पिवळी पडलेली मूठ, असा मी एक म्हातारा फारसी खंजीर आहे. मुठीजवळ माझ्या पात्यावर काहीतरी कोरलेले आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. काय कोरले आहे, ते मात्र ठाऊक नव्हते. तुम्हाला तरी तुमची पाठ कुठे दिसते? शिवाय आम्हा हत्यारांना वाचता येत नाही.

मला दोन भावांनी घडवले. थोरला पोलाद ठोकणारा. त्याचे काम असे की, पाते घासून आंबट पाण्याने धुतल्यावर त्यावर पाण्यासारख्या लहरी दिसू लागत. धाकटा नक्षी कोरणारा. दोघे एकाच दुकानात पाठीला पाठ लावून बसत, पण त्यांचे बोलणे तुटलेले होते. का, ते मला कधी कळले नाही. थोरल्याचे काम संपले की तो मला मधल्या फळीवर ठेवी. धाकटा तिथून उचलून घेई. शेवटी एक अख्खा दिवस खपून धाकट्याने बारीक छिन्नीने माझ्यावर काही लिहिले. थोरल्याला अक्षरओळख नव्हती. त्याने त्या ओळीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला गिऱ्हाइकाच्या हाती दिले.

पुढे मी कमरेला मिरवलो, भिंतीवर टांगला गेलो. एका वकिलाच्या टेबलावर पाकिटेही फोडली. ज्याच्या हाती गेलो, तो म्हणे, काय सुंदर पाते आहे! आणि मला घासून लख्ख करी. त्या कौतुकाने माझी ओळ झिजत होती. मग कितीतरी वर्षे पेटीत पडून गंजलो आणि अखेर एका संग्रहालयात येऊन पोहोचलो.

तिथे नवे दालन उघडायचे होते. मोठ्या साहेबांनी आम्हा चार हत्यारांना झिलई देण्यासाठी शिकलगाराकडे पाठवले. हा शिकलगार साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस होता. चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला, खोलीत तेलाचा वास, खिडकीपाशी झिलईचे चाक. त्याने तिघांना चकचकीत केले आणि मला उचलले. चाक फिरू लागले होते. मला वाटले, संपले आता.

पण चाकाला लावण्याआधी पात्यावर अंगठा फिरवायची त्याची सवय होती. अंगठा एके ठिकाणी अडखळला. त्याने चाक थांबवले आणि साहेबांना फोन लावला.

"तो काळा डाग आहे हो," साहेब म्हणाले. "काढून टाका. परवा पाहुणे येणार आहेत."

"डाग वर बसतो, साहेब. हे आत कापलेलं आहे."

"तुम्हाला वाचता येतं का ते?"

"नाही. म्हणून तर थांबलो."

मला फडक्यात गुंडाळून तो दोन गल्ल्या पलीकडे गेला. तिथे जुन्या लिप्या शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या एक बाई राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून त्यांनी काम बंद केले होते.

"मला नाकासमोरचं दिसत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही खंजीर घेऊन आलात."

"तुम्ही बघूच नका, बाई. मी बोटाने बघतो, तुम्ही वाचा."

बाईंनी सांगितले तसा त्याने माझ्यावर पातळ कागद ठेवला आणि मऊ पेन्सिल आडवी घासून ठसा घेतला. मग बॅटरीचा उजेड तिरपा धरून, अंगठ्याने चाचपत, त्याने एकेक अक्षर मोठ्या कागदावर काळ्या रंगाने वीतभर उंच काढायला घेतले.

"उजवीकडून सुरू करा," बाई म्हणाल्या.

"अरेच्चा, मी शेपटीकडून निघालो होतो."

शेपटीकडून काढल्यामुळे आधी सालाचे आकडेच हाती आले होते. "हा चार बघा," बाई कागदाला नाक लावून म्हणाल्या. "अरबी चार उलट्या इंग्रजी तीनसारखा काढतात. हा तसा नाही. लिहिणारा फारसी वळणाचा आहे." मग त्या ओळीच्या सुरुवातीला आल्या. "अमल. म्हणजे काम. आपण अंमलबजावणी म्हणतो ना, त्यातला अंमल तो हाच."

शिकलगाराचा हात थांबला. "म्हणजे हा शब्द माझ्याही तोंडात होता?"

"तुमचं शिकलगार हे नावही तिकडूनच आलंय. पुढचं काढा."

पुढचा शब्द लांब होता. बाईंनी तो हळूहळू जुळवला. "बरादर."

"बिरादरीतला?" त्याने विचारले. "भाऊ?"

बाईंनी मान हलवली. तिसरा शब्द दोनच अक्षरांचा होता. "मन. आपलं मन नव्हे हे. फारसीत याचा अर्थ मी, माझा." त्यांनी तिन्ही शब्दांचे कागद चाचपून ओळीने मांडले. "काम माझ्या भावाचं."

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू? ज्याच्याशी शब्द बोलायचा नाही, त्याचे काम म्हणून धाकट्याने दिवसभर खपून हे पोलादात कोरले होते. ज्याच्यासाठी कोरले, त्याला वाचता येत नव्हते. आणि मी ते इतकी वर्षे अंगावर घेऊन हिंडत होतो.

"यापुढे नाव असणार," बाई म्हणाल्या.

शिकलगाराने तीनदा अंगठा फिरवला. "इथे गुळगुळीत आहे, बाई. कुणीतरी घासून टाकलंय." मग आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "माझ्यासारख्यानेच."

ते नाव मीही सांगू शकत नाही. त्या दुकानात गिऱ्हाइके थोरल्याला नुसते उस्ताद म्हणत, आणि धाकट्याने त्याला कधी हाक मारलीच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः शिकलगाराच्या खोलीवर आले. शिकलगाराने त्यांना ओळीचा अर्थ सांगितला आणि म्हटले, "सांगाल तर आत्ता चकाकवतो. पण मग हा मुका होईल." साहेबांनी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवले. "राहू द्या," ते हळूच म्हणाले. शिकलगाराने मला कापूस आणि तेलाने तेवढे पुसले.

आता दालनात माझे तीन सोबती झगझगतात आणि मी काळपट दिसतो. मुले आधी त्यांच्याकडेच धावतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. पण एक विनंती आहे. तुमच्या घरी एखादे जुने घड्याळ, अंगठी किंवा डबी असेल, तर ती घासण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. बोट अडखळले तर थांबा आणि जाणत्याला विचारा. माझ्याखालच्या पाटीवर बाईंनी लिहवून घेतले आहे: 'काम माझ्या भावाचे'. त्यापुढे नावापुरती जागा कोरी सोडली आहे. ती आता कुणालाच भरता येणार नाही.