अनुजाचा डबल बेस आणि आण्णांचा इसार

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक व्हायोलिन आहे. आता ते मनातल्या मनात मोठं करत जा. इतकं मोठं, की ते हनुवटीखाली धरता येणार नाही, मांडीवर घेता येणार नाही, आणि तुम्ही शेजारी उभे राहिलात तर त्याची मान तुमच्या डोक्याच्या वर जाईल. त्याला बुटाच्या नाडीएवढ्या जाड चार तारा लावा आणि त्यातली सगळ्यात जाड तार ओढा. आवाज कानाच्या आधी पोटात जाणवतो. या वाद्याला डबल बेस म्हणतात.

आता आणखी एक कल्पना करा. हे वाद्य घेण्यासाठी तुम्ही अडीच वर्षं पैसे साठवलेत, आणि ते निवडायला तुमच्याबरोबर जो माणूस आलाय त्याला फक्त म्हशी निवडता येतात.

उचगावच्या अनुजाचं अगदी हेच झालं. अनुजा चौदा वर्षांची. दर रविवारी ती शिवाजी पेठेत महंमदचाचांकडे डबल बेस शिकायला जायची. चाचांनी चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात हेच वाद्य वाजवलं होतं. पण त्यांच्या म्हाताऱ्या वाद्याची मान तिसऱ्यांदा निखळली आणि दुरुस्त करणाऱ्यानं हात जोडले. अनुजाला स्वतःचं वाद्य घेणं भाग होतं.

पैसे तिचेच होते. तिच्या आजोबांनी, म्हणजे आण्णांनी, मोना नावाची एक पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली, म्हैस तिच्या नावावर केली होती. शेण अनुजानं काढायचं, वैरण अनुजानं टाकायची, आणि दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल आलं की पेंडीचे पैसे वजा करून उरतील ते अनुजाचे. मोनाच्या दोन वेतांत, म्हणजे दोनदा व्याल्यावरच्या दुधातून, ऐंशी हजार जमले. मात्र पैसे घेऊन जाणार घरातलं वडील माणूस, असा घरचा रिवाज. म्हणून नोटा आण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात होत्या, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

अनुजा, आण्णा आणि महंमदचाचा वाद्यांच्या दुकानात गेले. तिथं दोन डबल बेस होते. एक कोराकरकरीत, आरशासारखा चकचकीत. दुसरा जुना, रंग उडालेला, पोटावर एक वीतभर चीर आणि ती नीट जोडलेली. आण्णांनी दोन्हींच्या भोवती फेरी मारली. टिचक्या मारल्या. पोटावरच्या वळणदार भोकातून मोबाइलची बॅटरी आत मारून पाहिली.

"ह्येचं वय काय?" त्यांनी जुन्याकडं बोट दाखवलं.

"साठेक वर्षं असतील, आजोबा," दुकानदार यशराज म्हणाला. हा तिशीतला तरुण नुकताच वडिलांच्या गल्ल्यावर बसायला लागला होता.

"म्हातारं हाय. आणि डागी हाय."

"आण्णा, ती चीर जोडल्याली हाय. आवाजाला काय होत न्हाय," अनुजा म्हणाली.

"मोडकं शिंग चिकटवून म्हस विकाय आणली, तर घेशील व्हय?"

"मी शिंग वाजवणार न्हाय, आण्णा."

महंमदचाचांनी कपाळावर हात मारला. "आण्णा, जुन्याची वरची फळी अखंड लाकडाची हाय. ते नवं म्हंजे प्लायवूड. पॉलिश केल्यालं कपाट."

"मग कपाटच घ्या की. दहा वर्सं बघाय नको."

जुना डबल बेस उचलून चाचा अनुजाला घेऊन मागच्या खोलीत तारा लावायला गेले. इथं चूक झाली. आण्णांना गल्ल्यापाशी एकटं सोडायला नको होतं.

पाऊण तासानं दोघं बाहेर आले, तेव्हा आण्णा खूश होते आणि यशराज लाजल्यासारखा उभा होता. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली हात धरून बोटं दाबून ठरवतात. आण्णांनी तेच केलं होतं. यशराजला वाटलं, आजोबा प्रेमानं हात धरताहेत. तो नुसताच हसत राहिला. शेवटी वैतागून आण्णांना आकडा मोठ्यानं सांगावा लागला होता. नव्याचे ऐंशी हजार सांगितले होते, ते अठ्ठ्याहत्तरला ठरलं.

"पाच हजार इसार दिला," आण्णा म्हणाले. "पावती फाडली पावण्यानं. बाकीचं नेताना."

अनुजानं पावती वाचली. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, असं खाली छापलं होतं. तिला वाटलं, मोनाचं शेण काढून काढून हाताला घट्टे पडले ते याच्यासाठी होय? ती रडली नाही. रडायच्या पलीकडं वैतागली होती.

"आण्णा, म्हस घेताना तुम्ही दोन येळचं दूध काढून बघतासा की न्हाय?"

"बघायलाच पायजे."

"मग ह्येचं काय काढून बघितलासा?"

"ही काय म्हस हाय?"

"मग सकाळधरनं तुम्ही ह्येचं दात कशाला बघालाईसा?"

चाचा खोकल्याचं निमित्त करून वळले. मग आण्णा म्हणाले, "बरं. ऐकतो. पण मी बाहेर हुबारणार. कुठलं वाजालंय ते मला सांगायचं न्हाय."

ते पायरीवर रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, एक हात लोखंडी कठड्यावर ठेवून. रस्त्यावर रिक्षा, मोटारसायकली, भोंगे. आत चाचांनी एक वाद्य वाजवलं. आवाज उंबऱ्यापर्यंत आला आणि रहदारीत विरून गेला. मग दुसरं वाजवलं. या वेळी आण्णांच्या हाताखालचा कठडा थरथरला. त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. कठडा घुमतच होता.

"दुसरं," ते आत न वळता म्हणाले. "दुसरं भरल्यालं हाय. पयलं पाण्याचं."

"दुसरं ते डागी," चाचा म्हणाले.

आण्णा तिथंच पायरीवर बसले. अनुजाला वाटलं, सुटलो एकदाचे. पण आण्णा म्हणाले, "चुकलं माझं. पण इसार दिलाय, पोरी. चाळीस वर्सांत इसार दिल्यालं जनावर मी माघारी धाडलं न्हाय. शब्द फिरवणाऱ्याला बाजारात कोण हुभं करत न्हाय."

"आण्णा, हा जनावरांचा बाजार न्हाय."

"शब्द सगळीकडं शब्दच असतोय. मला त्या पोराला सांगाय जमणार न्हाय."

"अवो, त्याला टॉवेलसुदीक कळला न्हाय," चाचा वैतागून म्हणाले. "शब्द काय डोंबलाचा कळणार?"

"त्याला नसंल कळला. मला कळालाय."

चाचा भिंतीला टेकून उभे राहिले. जुन्या डबल बेसची किंमत पंच्याऐंशी हजार सांगितली होती. आण्णांच्या खिशात पंच्याहत्तर उरले होते. नवं न्यावं, तर जन्मभर कपाट वाजवायचं. जुनं मागावं, तर आण्णांची मान खाली, पाच हजार बुडीत आणि वर दहा हजार कमी.

मुलांनो, तुम्ही काय केलं असतं, ते मनात ठरवा. अनुजानं काय केलं, ते सांगतो.

तिनं आण्णांपुढं हात केला. त्यांनी काही न विचारता नोटांचं पुडकं तिच्या हातात दिलं. ती एकटी आत गेली आणि पावती यशराजच्या गल्ल्यावर ठेवली.

"दादा, शब्द माझ्या आजोबांनी फिरवल्याला न्हाय. वाद्य माझं हाय, सौदा मोडालोय मी. पाच हजार तुमचं झालं. आता त्या जुन्याचं बोलूया."

"बोल की," यशराज म्हणाला.

"पंच्याहत्तर," अनुजा म्हणाली. पुडकं तिनं गल्ल्यावर ठेवलं, दोन पावलं मागं सरली आणि तोंड मिटून उभी राहिली. यशराजनं पुडकं उचललं आणि नोटा मोजायला घेतल्या.