न हलणारा झोका

बरकतपुऱ्यात केबल आली आणि संगीत नाटक बंद पडलं. रिकाम्या पडलेल्या मंडळाच्या हॉलवर कॉम्प्युटर क्लासवाल्यांचा डोळा होताच. मंडळाचे अध्यक्ष आणि नाटकाचे तहहयात नायक प्रतापराव यांनी राजवाडा, उद्यान, सिंहासन सगळं अफझलगंजच्या एका डेकोरेटरला देऊन टाकलं. लग्नाच्या स्टेजसाठी.

नायिका सुनंदाबाईंना त्यातला फक्त झोका हवा होता. दुसऱ्या अंकातली पदं त्यांनी वर्षानुवर्षं त्यावर बसून गायली होती. झोका हलला की सूर हलतो, म्हणून त्याची फळी मागच्या चौकटीला खिळ्यांनी ठोकलेली असे. साखळ्या पुठ्ठ्याच्या. हलायची ती मागची रंगवलेली झाडं. दोन माणसं ती दोरीने इकडून तिकडे ओढत. प्रेक्षकांना झोकाच हलतोय असं वाटे. प्रतापरावांनाही. प्रेमप्रवेशातसुद्धा ते प्रेक्षकांकडेच बघत.

"तेवढा झोका मला द्या," सुनंदाबाई म्हणाल्या होत्या.

"मंडळाची वस्तू आहे, बाई. उद्या कुणी ऑर्गन मागेल."

"ऑर्गन तुमच्या दिवाणखान्यात आहे."

"तो सांभाळायला ठेवलाय."

पुढे मलकपेठच्या एका फंक्शन हॉलमध्ये प्रतापरावांच्या मुलीचं लग्न झालं. स्टेजवर तोच राजवाडा, तोच झोका. पंगती उठल्यावर वधूपिता फोटोसाठी झोक्यावर बसले आणि डेकोरेटरच्या माणसाला म्हणाले, "हिलाव!"

सुनंदाबाई पुढे झाल्या. कितीही झालं तरी लग्नघर होतं.

"बसा खुशाल, पण हलवू नका. ठोकलेला आहे तो. कधी हललाच नाही."

"माझ्या डोळ्यांदेखत हलायचा!" प्रतापराव पाहुण्यांकडे वळले. "बाईंना अजून वाटतं, त्यांच्याशिवाय कुणी बसूच नये. अहो, आता नातवंडांना झोके द्यायचं वय तुमचं!"

पाहुणे मनापासून हसले. डेकोरेटरचा माणूस मात्र घुटमळला.

"हिलाना नक्को क्या, मॅडम?"

"साब बोले वैसा करो," सुनंदाबाई दोन पावलं मागे सरल्या. "जोर से."

प्रतापराव, फळी आणि राजवाड्याची एक कमान बरोबरच खाली आली. फोटोग्राफरने फोटो घेतला; त्याला तेवढंच सांगितलेलं होतं.

"घेऊन जा तुझा झोका!" कंबर धरून प्रतापराव ओरडले. नाटकाबाहेर त्यांनी बाईंना पहिल्यांदाच 'तू' म्हटलं.

सुनंदाबाईंनी फळी ऑटोत घातली आणि घरी सुताराकडून भिंतीला पक्की ठोकून घेतली. झाडं मात्र त्यांनी मागितली नाहीत. ओढायला दोन माणसं कुठून आणायची?