डावा खांदा

फणसाच्या लाकडाचा दांडा. तेल पिऊन पिऊन काळा.

बोरीवलीच्या एका गच्चीवर वाळत घातलेली दोन बनियनं. दोन्ही डाव्या बाजूने कात्रीने कापलेली.

स्टीलची पट्टी, बोटाएवढी. सहा भोकं.

"दादा, तुझं बँडेज म्हणजे शाळेचं दप्तर वाटतं रे! डबा कुठाय?"

असं बाळा म्हणाला, इस्पितळाच्या खाटेवर बसून, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. संपात गिरणी सुटल्यापासून लवू आणि बाळा, दोघे भाऊ, इमारती रंगवत होते. दहिसरला परांचीची फळी सटकली आणि दोघे एकदमच खाली आले. दोघांचंही गळ्याखालचं आडवं हाड मोडलं, तेही डाव्याच बाजूचं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पाठीवरून आठाच्या आकड्यासारखं बँडेज आवळून थांबायचं, हाड आपलं आपण जुळतं, थोडा उंचवटा राहतो. नाहीतर कापून पट्टी बसवायची. बहुतेकांना पहिलंच पुरतं, असंही ते म्हणाले.

लवूने बँडेज घेतलं. बाळा हटून बसला. गावी शिमग्याला देवाची पालखी नाचते, तिच्या दांड्याखाली पुढचा डावा खांदा त्यांच्या घराचा. घरातलं कोणी उभं राहिलं नाही तर मान भावकीत दुसरीकडे जातो.

"एक तरी खांदा सरळ पाहिजे ना, यार. उंचवट्यावर दांडा बसेल काय?"

"अरे, पुढच्या वर्षी नाचव. देव काय पळून जातोय?"

"देव नाही रे. भावकी!"

सकाळी त्याला आत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले, टोपी हातात घेऊन. पट्टी उत्तम बसली, म्हणाले. भुलीतून तो उठला नाही, म्हणाले.

लवूला पहिलं ऐकू आलं. दुसरं आलंच नाही.

"मग चहा कधी द्यायचा त्याला?" त्याने विचारलं.

बाळाची बायको वनमाला डॉक्टरांकडे बघतच नव्हती. ती लवूकडे बघत होती. "दादा, काय म्हणाले ते? दादा, तुम्ही सांगा ना."

"चहा..." लवू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले. पाणी शिंपडल्यावर लवूच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. पट्टी वाकलीसुद्धा नव्हती. सहाही स्क्रू जागच्या जागी होते, धरायला हाड नव्हतं.

"टाक मरे ती," सोबत आलेले गुणाजीकाका हळूच म्हणाले. "ती काय बाळाची?"

"त्याचीच. हौसेनं घेतली होती."

लवूने ती धुतली, सदऱ्याला पुसली आणि बँडेजच्या आत, डाव्या बाजूला, सरकवून ठेवली. ती अजून गार लागत होती.

त्या शिमग्याला त्यांच्या घरचं कोणी गावी गेलं नाही.

पडले त्या दिवशी काढलेल्या दोघांच्या एक्स-रेंमध्ये जास्त सरकलेलं हाड लवूचं होतं.