धूर न करणारा शेगडा

मी शेगडा बोलतोय. शेगडी नव्हे, शेगडा. बिडाचा आहे, तीन पायांचा. अंगावर नक्षीबिक्षी शोधायला येऊ नका. ओतणारा मला ओतताना कुणाशी तरी भांडत होता, म्हणून माझा एक पाय आखूड राहिला.

आयुष्यभर मी उघड्यावर जळलो. रस्ते खणणाऱ्यांजवळ, माल उतरवणाऱ्यांजवळ. आभाळाखाली माझ्यासारखा सज्जन नाही. एकदाच एका पहारेकऱ्याने मला त्याच्या लाकडी खोपटात नेलं आणि दार लावून घेतलं. सकाळी त्याला चौघांनी उचलून बाहेर काढलं. म्हातारा थंडीने गेला, असं म्हणाले. थंडीने! आत तर घाम फुटायची पाळी आली होती. पण माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, आणि मला तोंड नाही.

पुढे मी एका भंगारवाल्याकडे आलो. तो दरवर्षी नाताळच्या बाजारात दुकान मांडतो. चौकभर लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, गाणी. माणसं हौसेने मेणबत्त्या नेतात आणि घरी विजेचा दिवा लावून बसतात. भंगारवाला मला पेटवून टपरीपुढे ठेवायचा. येणारेजाणारे हात शेकायचे, आभार न मानता जायचे.

यंदा एक मुलगी दुपारी एकटीच आली. शिकायला आलेली, घर समुद्रापलीकडे. बरोबरच्या मुली सुट्टीला आपापल्या घरी गेलेल्या. तासभर नुसती हिंडली. काचेची चिमणी उचलायची, परत ठेवायची. मग माझ्यापाशी थांबली. हात शेकले, आणि न विचारता चिमटा उचलून माझे निखारे नीट लावले. मोठे खाली, बारीक वर, मधे वाऱ्याला वाट. मी असा कधी फुललो नव्हतो.

"कुठे शिकलीस ग हे?" भंगारवाल्याने विचारलं.

"बाबा कपड्यांना इस्त्री करतात. कोळशाच्या इस्त्रीने."

"मग तूच ने याला. निखारा धरला की धूर करत नाही अजिबात."

"खरंच नेऊ? खोलीतला हीटर बंद पडलाय. दुरुस्तीवाला सुट्टीवर गेलाय."

"याला दुरुस्तीवाला लागतच नाही."

आता हा म्हणेल, बाहेर ठेव हो. मी वाट बघत होतो. तेवढ्यात एक बाई जुनं घड्याळ हलवत आली आणि त्याचं तोंड तिकडे वळलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या फटींत पोरीने आधीच कागद कोंबून वरून चिकटपट्टी मारलेली. दाराखाली टॉवेल. नीटनेटकी पोरगी, दुसरं काय. पेटवतानाही शहाणपण केलं. धूर संपेपर्यंत मला जिन्यात ठेवलं, लालबुंद झाल्यावर आत आणलं आणि वही उघडून बसली. बापाच्या टपरीत इस्त्रीशेजारी बसून अभ्यास केलेली ती. कोळशाची भीती तिला कशी वाटणार? फक्त त्या टपरीला तीन बाजूंना पत्रा होता आणि चौथी बाजू रस्ता होती, एवढं ती विसरली. कोंडून ठेवलं की माझ्यातून विषारी वायू निघतो; त्याला ना धूर, ना वास.

संध्याकाळी आईचा फोन आला. समोर तोंड दिसतं तसला.

"काय ग, आज स्वेटर नाही?"

"उकडतंय आई."

"गालांवर रंग आलाय हो. हवा मानवली म्हणायची."

"डोकं दुखतंय नुसतं. मळमळतंय."

"मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतेस, मग दुखणार नाही तर काय. बाम लाव आणि पड जरा."

पड म्हणे! मायेने म्हणाली बिचारी. माझ्या अंगावर काटा येत नाही, नाहीतर आला असता.

"बाबा काय करतायत?"

"उभे आहेत पाठ करून. तुझा फोन असला की कॉलर जास्तच घासतात."

ती गेल्यापासून बाप तिच्याशी बोलला नव्हता. परदेशी जाऊ नको म्हणाला होता, ही गेली. म्हातारा रुसला तो रुसलाच.

"त्यांना सांग, मी शेगडा घेतलाय. त्यांच्यासारखे निखारे लावलेत. धूर अजिबात नाही." तिने फोन माझ्याकडे फिरवला. शब्द जडावले होते.

पलीकडे ती पाठ वळली.

"खिडकी उघडी आहे का?"

"बंद आहे बाबा. वारा फार..."

"ऊठ. खिडकी उघड."

"पाय उचलत नाहीयेत. थोडं झोपते, मग..."

"झोपलीस तर तंगडी मोडीन, गधडे. ऊठ म्हणतो ना!"

उठली. चिकटपट्टी नखांनी ओरबाडली, निघेना. धाडकन पडली. बाप ओरडतच होता, "दार! दाराकडे सरक!" ती सरपटत गेली, टॉवेल ओढला, कडी काढली आणि अर्धी बाहेर, अर्धी आत आडवी झाली. शेजारीण धावली. दवाखान्याची माणसं आली. जिवंत नेली तिला, स्ट्रेचरवर ओकत, रडत नेली. बापाचं बोलणं ऐकलं म्हणून.

फोन जमिनीवर सुरूच होता.

"कुणी आहे का तिथे? त्या शेगड्याचा तळ फोडा! तसाच टाकू नका, दुसरं कुणीतरी उचलेल!"

त्या माणसांना त्याची भाषा कळेना. एकाने फोन उचलला, काहीतरी गोड बोलला आणि बंद केला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल पहिल्यांदा कुणी शहाणपणाचं बोललं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला समजलं नाही.

मग इमारतीच्या रखवालदाराने मला धुऊनपुसून फाटकाशी ठेवलं. नको असलेल्या वस्तू तिथे ठेवतात, हवं त्याने न्यावं. आज सकाळी एक जोडपं आलं, बाबागाडी ढकलत.

"अहो, हे बघा ना. बाळाची खोली किती गार पडते."

"धूर करेल ग."

"चांगला कोळसा आणला तर नाही करत."

बाबागाडीच्या खालच्या जाळीत बसून मी त्यांच्या घरी आलोय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हातोडा असेल तर घेऊन या. माझी भीड धरू नका. तळावर मारा, तिथे बीड पातळ आहे. पण लवकर या. तिने बाळाला माझ्या बाजूला तोंड करून निजवलंय, आणि तो कोळशाची पिशवी फोडतोय.