पारोसा राजा

लक्ष्मीपूजनाच्या ताटात, शिंदेशाही रुपयांच्या शेजारी, इंग्लंडचा आठवा हेन्री लख्ख चकाकत होता. ते पाहून शरच्चंद्रांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळं चिंचेनं घासून काढलं," शामलाताई पदराला हात पुसत म्हणाल्या. "तुमचा राजा तर किती गंदा होऊन गेला होता."

तो काळा थरच शरच्चंद्रांनी जिवापाड जपला होता. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि नाद लागला तो याच राजाचा. त्याच्या राज्यात हातोड्याने ठोकून पाडलेली चांदीची वेडीवाकडी नाणी ते कुठून कुठून मागवत. जुनं नाणं घासणं म्हणजे त्याचा खून, असं ते म्हणत. टोपी बाजारातल्या पुष्करने, त्यांच्या जिवलग मित्राने, आपल्याकडचं असंच एक नाणं दंतमंजनाने उजळलं, तेव्हापासून त्याच्याशी अबोला होता. मधे कितीतरी दिवाळ्या गेल्या.

हे आठवलं आणि शामलाताईंचा चेहरा उतरला. आजवर त्यांनीच या फिरंग्याला देवघरात येऊ दिलं नव्हतं. सहा बायका करणारा मेला लक्ष्मीसमोर कशाला, असं त्यांचं म्हणणं. यंदा मात्र वाटलं, नवऱ्याने जन्मभर सांभाळलेलं धन ते, त्याचीही पूजा व्हावी. आणि पूजेत पारोसं कोणाला बसवतात?

"खराब झालं काय हो?" त्यांनी हळूच विचारलं. "नाकावरची तर चांदीच निघून गेली. लाल दिसतंय."

शरच्चंद्रांनी भिंग लावलं. खजिना भरायला या राजाने चांदीत तांबं मिसळून वर चांदीचा नुसता मुलामा ठेवला होता. नाण्यावरच्या चेहऱ्यात नाक सगळ्यात उंच, म्हणून वरची चांदी तिथेच आधी झिजायची आणि खालचं तांबं उघडं पडायचं. त्याची प्रजाच त्याला तांबडनाक्या म्हणायची. इतके दिवस हे त्यांनी नुसतं वाचलं होतं. काळा थर गेला तो गेलाच. पण समोर चिंचेच्या पाण्याने सुरकुतलेली बोटं होती, आणि त्या बोटांवर रागावणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. मग पुष्करवर कसं जमलं, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"नाही गं," ते म्हणाले. "आत्ता कुठे त्याचा खरा चेहरा दिसला. कुंकू लाव त्याला."

शामलाताईंनी बाकीच्या रुपयांसारखंच राजालाही हळदकुंकू वाहिलं. आरती झाली, प्रसाद झाला. मग शरच्चंद्रांनी फोन घेतला. नंबर अजून पाठ होता.

"पुष्कर, मी शरद. उद्या फराळाला ये."

बोलता बोलता त्यांनी ताटातल्या राजाकडे पाहिलं.

"आणि येताना ते तुझं नाणं आण. आमच्याकडेही एक तसंच झालंय."

शामलाताईंनी ताटातला राजा जरासा सरकवला आणि त्याच्या शेजारी एका नाण्यापुरती जागा केली.