कृष्णरावांची तांदूळतुला

लाखांदूरजवळच्या भय्याजींच्या राइस मिलमधली चेनकप्पी कृष्णरावांनी अकरा वर्षं तपासली आणि अकरा वर्षांत एकदाही पाहिली नाही. मिलच्या मोटरी, रोलर, सगळं अवजड सामान या साखळीच्या कप्पीनंच वर चढे. ती धड आहे की नाही हे दरवर्षी पाहून दाखला देणं, हा कृष्णरावांचा व्यवसाय. पण ऑफिसात पंखा होता, चहा होता, दाखला छापील होता. मग छताकडे मान वर करून पाहायला कोणी सांगितलंय? ‘दोन टन उचलण्यास सुरक्षित’, खाली सही. काही पडलं का कधी? नाही ना? मग झालं तर.

यंदा त्यांनी हे काम कायमचं सोडून घरी बसायचं ठरवलं. भय्याजींना उपकारांची जाण होती. साहेबांची तांदूळतुला करायची, तीही मिलमध्येच, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मंडप पडला, अर्ध्या तालुक्याला निमंत्रणं गेली. कृष्णराव नवा कुर्ता घालून आले, गळ्यात हार पडला आणि बघतात तर तराजूची दांडी थेट चेनकप्पीच्या हुकाला टांगलेली. एका पारड्यात तांदळाचे कट्टे, दुसऱ्यात त्यांच्यासाठी गादी.

कृष्णरावांनी तिथं पहिल्यांदा मान वर केली. हुकाचं तोंड जांभई दिल्यासारखं फाकलं होतं. वजन निसटू नये म्हणून तोंडावर असते ती खटकी गायब, तिथं नुसती तार गुंडाळलेली. साखळीच्या कड्या झिजून झिजून बारीक झालेल्या. साहेबांची पाचावर धारण बसली.

त्यांनी गुडघेदुखी सांगून पाहिली, मग रक्तदाब. शेवटी म्हणाले, कट्टे मोजायच्या काट्यावरच तुला करू. भय्याजींनी भिंतीवरचा काचेत लावलेला दाखला हसत दाखवला. दोन टनांचा भरवसा तुम्हीच दिलेला, आणि तुमचं वजन ते किती, असं ते अगदी मायेनं म्हणाले. त्या भल्या माणसाच्या मनात टोमणा मारायचं काही नव्हतं.

कृष्णराव आवाज खाली आणून म्हणाले, “भय्याजी, सामानासाठी ठीक हाय हे. मानसासाठी नाही.”

बाजूला साखळी धरून मिलचा फिटर कैलाश उभा होता. रोज ती ओढणारा तोच. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मोटर चढवतानी मी तिच्याच खाली उभा राह्यतो. मंग मी सामानात येतो का मानसात?”

कृष्णरावांना लाज वाटली, अगदी मनापासून. त्यांनी दाखला काचेतून काढायला लावला, त्यावर आडवी रेघ ओढली आणि लिहिलं, ‘वापरू नये’. भय्याजींचा चेहरा पडला. तुला गेली, मिल अडली, वर नवी कप्पी घेणं आलं. पाहुणे जेवून आपापल्या वाटेला लागले.

ही कृष्णरावांच्या हातून झालेली पहिली खरी तपासणी होती, आणि तीसुद्धा स्वतः लटकायची पाळी आली म्हणून. गाडीपाशी कैलाश त्यांना सोडायला आला.

“साहेब,” तो अदबीनं म्हणाला, “माहा भाऊ आसगावकडच्या मिलात हाय. तिथला दाखला बी तुमचाच हाय. तिथं बी तुमची तुला ठेवाले सांगू का?”