मनमिळाऊ रामचंद्र

"वहिनी, हे 'भांडकुदळ' काढा ना. स्मरणिका आहे, तक्रारवही नाय!" चाळ कमिटीचा सेक्रेटरी हितेंद्र. त्याने दर्शनाला जिन्यातच गाठलं.

"खोटं आहे का?"

"खोटं कुठे म्हणतोय? पण गेलेल्या माणसाबद्दल असं कोण लिहितं? मनमिळाऊ टाकू. सगळ्यांना तेच टाकलंय, एकसारखं दिसतं."

"मनमिळाऊ? कशावरून?"

हे 'कशावरून' तिने दादरच्या वाचनालयातून आणलं होतं. परळच्या हॉस्पिटलात आठवडाभर बिलं करून पुन्हा रविवारची झोप मोडायची आणि तिथल्या ललितेतर लेखनाच्या वर्गाला जाऊन बसायचं, ते केवळ सासऱ्यांवरच्या या लेखासाठी. अहवाल वेगळा, आठवण वेगळी, व्यक्तिचित्र वेगळं, हे वर्ग घेणाऱ्या सरोजिनीबाईंनी घोटून घेतलं होतं. "विशेषण आलं की त्याला विचारायचं, कशावरून? उत्तर मिळालं तर ते लिहा आणि विशेषण खोडा," बाई म्हणायच्या.

करी रोडची ही चाळ आता पाडणार होते, म्हणून तिची स्मरणिका निघत होती. सासूबाई पुतळाबाईंचं एकच मागणं होतं, "आमचे ह्ये होते तसे पुस्तकात येवक व्हये." दर्शनाने शब्द दिला होता.

आणि सासरे रामचंद्र होते कसे? नळावर भांडायचे, गच्चीवर भांडायचे, भांडायला कुणी मिळालं नाही तर त्यांना जेवण जायचं नाही. शेजारच्या लक्ष्मीला कळा सुरू झाल्या, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी एक लोखंडी कपाट आडवं. तिला खुर्चीत बसवून उतरवायचं तर वाटच नाही. कपाटवाला म्हणाला, उद्या हलवतो. सासऱ्यांनी दोघांना हाताशी घेतलं आणि कपाट कठड्यावरून सरळ खाली चौकात टाकलं! पुढे मरेपर्यंत सासऱ्यांनी आणि कपाटवाल्याने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. कपाट होतं हितेंद्रच्या बापाचं. आता बोला!

"बाकी काय हवं ते कापा, पण कपाट राहू द्या," दर्शना म्हणाली.

"बघतो ना वहिनी. टेन्शन नका घेऊ."

या 'बघतो'चा अर्थ तिने तेव्हाच ओळखायला हवा होता.

स्मरणिका आली. चांगला गुळगुळीत कागद, चार रंगांत छपाई. दर्शनाने पान उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अख्ख्या लेखाच्या जागी तीन वाक्यं! हितेंद्र गॅलरीत प्रती वाटत होता. तिने त्याला तिथेच धरलं.

"जागाच नव्हती वहिनी. पान बिल्डरला द्यावं लागलं. आणि वाईट काय लिहिलंय सांगा?"

वाईट काहीच नव्हतं, तेच तर दुखणं. काय बोलणार कपाळ! ती तणतणत घरात आली.

पुतळाबाई पलंगावर वाटच बघत होत्या. त्यांना आताशा दिसत नव्हतं. "इला मां पुस्तक? वाच बघू."

वर छापलेलं सासऱ्यांचं नाव वाचायला दर्शनाची जीभ वळेना. तिने एकदम मजकुरालाच हात घातला. "'अत्यंत मनमिळाऊ, शांत आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व. सर्वांशी प्रेमाने वागत. त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे.'"

पुतळाबाईंनी मान डोलावली. "बरो माणूस होतो. खंयच्या खोलीतलो गो?"

कुठल्या खोलीतला ते सांगायचं सोडून दर्शनाने तीच तीन वाक्यं पुन्हा मनात वाचली.

"ऱ्हवांदे. आता आमच्या ह्येंचा वाच," म्हणत त्यांनी चांगला कान पुढे केला.

दर्शनाने पान उलटलं. तिथे बिल्डरची जाहिरात होती, निळाशार पोहण्याचा तलाव आणि हार्दिक शुभेच्छा. तिला रडू आलं, चीडही आली. मग त्या तलावाकडे बघत ती वाचू लागली.

"'माझे सासरे एक नंबरचे भांडकुदळ होते. कशावरून म्हणाल, तर एका कपाटावरून…'"

पुतळाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनी चाचपडत सुनेचा हात धरला.

"मोठ्यान वाच गो. भायरच्यांका आयकांदेत."